शेवटचं कोण?

त्रियानाच्या मंडईत मासळीच्या ओट्यापुढे रांग नव्हती. आठदहा माणसं होती, पण कुणी कुणाच्या मागे उभं नव्हतं. एक आजोबा खांबाला टेकून वर्तमानपत्र वाचत होते. दोघी बायका मासळीकडे पाठ करून शेजारच्या ऑलिव्हवालीशी बोलत होत्या. स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये येऊन मला जेमतेम चार दिवस झाले होते. वाटलं, इथे पुढे होईल त्याचा नंबर. मी ओट्याला हात टेकला आणि बांगड्यांकडे बोट दाखवलं. मासळीवाल्याने माझ्याऐवजी माझ्या मागे कुणाकडे तरी बघितलं. तेवढ्यात एका बाईंनी माझ्या कोपराला हात लावला. त्यात राग नव्हता. रस्त्यात मध्येच उभ्या राहिलेल्या पोराला कडेला घ्यावं, तसा तो हात होता. त्यांनी मला एक वाक्य म्हणून दाखवलं आणि दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं. "क्येन एस एल ऊल्तिमो?" शेवटचं कोण?

वर्तमानपत्रातून मान वर न काढता आजोबांनी बोट वर केलं. "यो." मी.

बस, झालं. आता मला त्या आजोबांना तेवढं लक्षात ठेवायचं होतं. त्यांच्या आधी कोण, त्याच्या आधी कोण, याच्याशी मला काही कर्तव्य नव्हतं. माझ्यानंतर कुणी आलं आणि विचारलं, तर बोट वर करायचं. मग पाव आणायला जा, कॉफी पिऊन या, कुणाशी गप्पा मारा. रांग जमिनीवर नसतेच. ती माणसांच्या डोक्यात असते आणि प्रत्येकाच्या हातात तिचा एकच दुवा असतो. पुढे तीन वर्षं मी सेव्हिलमध्ये राहिले. दवाखान्यात, चांभाराकडे, पोस्टात, सगळीकडे हा प्रश्न विचारला आणि मला विचारला गेला. एकदाही भांडण झालेलं पाहिलं नाही.

मला त्या दिवशी कोकणातलं आमचं रेवदंडा आठवलं. रॉकेलचा टँकर यायचा त्या दिवशी बाबा पहाटे जाऊन आमचा डबा रांगेत ठेवून यायचे. डबा हलू नये म्हणून त्यावर दगड. सात वाजता बघावं तर दुकानापुढे माणूस एकही नाही, नुसत्या डब्यांची, पिशव्यांची, एखाद्या तुटक्या चपलेची लांबलचक रांग. कुणी कुणाचा डबा सरकवत नसे. तिथे वस्तू माणसाच्या जागी उभी राहायची, इथे दुसऱ्या माणसाची आठवण उभी राहते.

सेव्हिलमध्ये कुठेही शिरताना बोलावं लागतं, हे मला मंडईनेच शिकवलं. लिफ्टमध्ये पाऊल टाकलं की "ब्वेनास". दवाखान्याच्या बाकांकडे जाताना, बसलेल्या साऱ्या अनोळखी लोकांना मिळून एक "ब्वेनास", आणि बाकांवरून त्याला उत्तर येतं. हॉटेलात कुणी जेवत असेल आणि तुम्ही त्याच्या टेबलाजवळून जात असाल, तर "के आप्रोवेचे" म्हणायचं, म्हणजे अंगी लागो. भाजीवाली "मी आर्मा" म्हणते. मूळ शब्द 'मी आल्मा', माझ्या जिवा. सेव्हिल ज्या आंदालुसिया प्रांतात आहे, तिथल्या जिभेवर ल चा र होतो. पहिल्या महिन्यात, जेव्हा दिवसभरात मला कुणी नावाने हाक मारत नव्हतं, तेव्हा पालकाची जुडी देताना कुणीतरी "घे, माझ्या जिवा" म्हणायचं. मी ते शब्द घरी घेऊन जायचे.

वेळेचंही मला तिथेच कळलं. स्पेनमधले लोक उशिरा जेवतात, उशिरा झोपतात, असं सगळे सांगतात आणि त्यात आळसाचा आरोप दडलेला असतो. तो मला पटत नाही. सेव्हिल ग्रीनिचच्या पश्चिमेला सुमारे सहा अंशांवर आहे आणि तिथलं घड्याळ मात्र बर्लिनचं आहे. मार्च १९४० मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारने घड्याळं एक तास पुढे केली, ती परत मागे आलीच नाहीत. त्यामुळे उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात जवळपास अडीच वाजलेले असतात. अडीचला जेवणारा माणूस भर मध्यान्हीच जेवतोय. लोकांचं पोट सूर्याशी इमान राखून आहे, काटे तेवढे दुसऱ्या देशाचे आहेत. आपल्याकडेही १९५५ पर्यंत मुंबईची स्वतःची वेळ होती, भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. आजोबा शेवटपर्यंत 'बॉम्बे टाइम' हा शब्द वापरायचे.

आणि त्या जेवणानंतर कुणी उठत नाही. ताटल्या उचलल्या जातात, कॉफी येते, कॉफी संपते, माणसं बसलेलीच. याला ते 'सोब्रेमेसा' म्हणतात. मला परदेशात सर्वांत सहज जमलेली गोष्ट हीच. उन्हाळ्याच्या सुट्टीत रेवदंड्याच्या घरी सगळे जमले की आई पाच-पाचदा म्हणायची, "अरे, हात वाळले सगळ्यांचे, उठा आता." आणि हात वाळलेले सगळे तसेच पाटावर बसून बोलत राहायचे. काट्याचमच्याने जेवणाऱ्यांचे हात वाळत नाहीत, एवढाच फरक.

बिजागरीची गोष्ट मात्र मला सावकाश सांगायची आहे.

माझ्या भाड्याच्या घरातल्या कपाटाचं दार निखळलं. गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. शब्द येत नव्हता. मी दोन तळहात करंगळ्यांपाशी जोडले आणि पुस्तकासारखे उघड-मीट करून दाखवले. दुकानदार म्हणाला, "आ, बिसाग्रा!" मी तशीच उभी राहिले. त्याला वाटलं मला कळलं नाही, म्हणून त्याने खणातून काढून पुढे ठेवली आणि पुन्हा म्हणाला, बिसाग्रा. समोर पितळेची बिजागरी होती. आमच्या घराच्या मागच्या दाराला होती तशीच, तीन भोकांची, मधे खिळा. तो शब्द मी शेवटचा बाबांच्या तोंडून ऐकला होता. पावसाळ्याआधी ते सगळ्या बिजागऱ्यांना तेल द्यायचे.

त्या रात्री मी बराच वेळ शोधत बसले. शब्द आपल्याकडे आला तो पोर्तुगिजांबरोबर. गोव्यातल्या आसगावचे धर्मगुरू मोन्सेन्योर सेबास्त्यांव रोदोल्फ दालगादो यांनी आशियातल्या सुमारे पन्नास भाषांमधले पोर्तुगीज शब्द गोळा केले आणि १९१३ मध्ये ते काम छापून आलं. त्यात मराठीची भरपूर हजेरी आहे. पुढे मी लिस्बनला राहायला गेले तेव्हा हौसेने तिथल्या दुकानात 'बिसाग्रा' मागितली. लिस्बनमध्ये आता तिला 'दोब्रादीसा' म्हणतात. म्हणजे पोर्तुगालने कोकणात नेऊन सोडलेला शब्द खुद्द पोर्तुगालच्या बाजारात मागे पडला आणि शेजारच्या स्पेनमध्ये व आमच्या मागच्या दाराला तेवढा टिकून राहिला.

सेव्हिलहून लिस्बनला थेट रेल्वे नाही. दोन्ही देशांच्या जुन्या लोहमार्गांची रुंदी एकच आहे, तरीही नाही. बसने जावं लागतं. सीमेवरच्या ग्वादियाना नदीवरचा पूल १९९१ चा आहे. तो ओलांडला की फोनमधलं घड्याळ एक तास मागे जातं. पोर्तुगालने १९९२ ते १९९६ अशी चार वर्षं मध्य युरोपची वेळ लावून पाहिली होती. हिवाळ्यात पोरं अंधारात शाळेला जायला लागली, तेव्हा ती वेळ सोडून दिली. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. लिस्बनमध्ये माणसं एक वाजता जेवतात, आणि 'सोब्रेमेझा' म्हटलं की जेवणानंतरचं गोड पुढे येतं. शब्द तोच, नदीच्या एका काठाला त्यात गप्पा आहेत, दुसऱ्या काठाला अंड्याच्या पिवळ्या बलकाची खीर.

दोन्ही देश एकमेकांना पाठमोरे उभे आहेत, असं दोन्हीकडचे लोक सांगतात. पोर्तुगालमध्ये म्हण आहे: स्पेनकडून ना चांगला वारा, ना चांगलं लग्न. पूर्वेचा वारा हिवाळ्यात कोरडा गार, उन्हाळ्यात भाजणारा असतो, त्याचा तो राग. लग्नाचा राग जुन्या राजघराण्यांचा. १५८० ते १६४० अशी साठ वर्षं दोन्ही देशांवर एकाच राजाचं राज्य होतं, आणि ते संपल्याची सुट्टी पोर्तुगालमध्ये आजही १ डिसेंबरला असते. त्या साठ वर्षांत आमचं रेवदंडाही माद्रिदच्या राजाच्या नावावर होतं. खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगर पोर्तुगिजांनी निजामशाहीकडून १५९४ मध्ये घेतला, तो त्याच काळात. शाळेच्या सहलीला त्या किल्ल्यावर डबा खाताना हे कुणी सांगितलं असतं, तर मी जरा निराळ्या नजरेने समुद्राकडे पाहिलं असतं.

कोर्लईचं नाव निघालंच आहे, तर. त्या किल्ल्याखालच्या गावात आजही एक भाषा बोलतात. तिथले लोक तिला 'नॉ लिंग' म्हणतात, आमची भाषा. शब्द बरेचसे पोर्तुगीज, वाक्याची ठेवण मराठीसारखी, क्रियापद शेवटी. चौल-कोर्लई १७४० मध्ये मराठ्यांकडे आलं, पोर्तुगीज गेले, पण भाषा राहिली. रेवदंड्याच्या बाजारात कोर्लईच्या बायका आपापसात बोलायच्या तेव्हा लहानपणी मला ते अर्धं कळतंय असं वाटायचं आणि अर्थ हाती लागायचा नाही. लिस्बनमध्ये पहिल्या आठवड्यात ट्राममध्ये मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या, आणि मला तोच अनुभव जसाच्या तसा आला. कान ओळखतोय, डोकं मागे आहे.

मग शब्द एकेक करून हाताला लागले. बेकरीत 'पांव'. दारात 'शाव्ह', म्हणजे चावी. मंडईत 'बाताता' आणि 'कोव्ह', बटाटा आणि कोबी. वाइनच्या तळघरात 'पीपा', आपलं पिंप. जुन्या सामानाचा 'लेयलांव', लिलाव. पैसे देताना 'पगार', ज्याचा तिथे अर्थ नुसता देणं, चुकतं करणं. माझ्या बाबांना पहिल्या तारखेला मिळायचा तो पगार, आणि लिस्बनच्या दुकानात मी गल्ल्याशी करते तोही पगार. स्पॅनिशमध्येही क्रियापद हेच, पण सेव्हिलमध्ये तीन वर्षं रोज ऐकूनही माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. बिजागरीने कान उघडले, मग ऐकू यायला लागलं.

लिस्बनमध्ये रांगेचा प्रश्न कुणी विचारत नाही. दुकानात शिरताना भिंतीवरच्या यंत्रातून 'सेन्या' काढायची, म्हणजे नंबराची चिठ्ठी. औषधांच्या दुकानात, मटणाच्या काउंटरवर, सरकारी कार्यालयात, जिथे तिथे चिठ्ठी. सुरुवातीला मला ते रुक्ष वाटलं. नंतर माझं मत पालटलं. जिला भाषा येत नाही, जी मोठ्याने विचारायला बुजते, तिच्या हातात तो कागद असला की तिला कुणाच्या भलेपणावर अवलंबून राहावं लागत नाही. शिवाय २०१६ पासून कायदाच आहे: गरोदर बाई, तान्हं मूल घेतलेलं माणूस, अपंग किंवा थकलेलं वृद्ध माणूस असेल तर त्याला आधी घ्यायचं, दुकान खासगी असलं तरी. मी कित्येकदा पाहिलंय, चिठ्ठ्या हातात धरलेले लोक काही न बोलता बाजूला सरकतात.

बोलण्यातही पोर्तुगाल अंतर राखून असतो. सेव्हिलमध्ये बँकेतला मुलगाही पहिल्या वाक्याला मला अरे-तुरे करायचा. लिस्बनमध्ये 'तू' म्हणायला वर्ष लागतं. 'तुम्ही'साठी जो शब्द शिकवणीत शिकवतात, तोही कधीकधी उद्धट लागतो, म्हणून लोक समोरच्याला तिसऱ्या पुरुषात बोलावतात: "बाईंना कॉफी हवी का?" आणि बाई म्हणजे मीच, समोर उभी. परदेशी मित्रमैत्रिणींना हे जड जातं. मला गेलं नाही. "सर आलेत का? सरांना चहा सांगा," असं सरांच्याच समोर म्हणणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. आदर करायचा म्हणजे समोरच्याकडे थेट बोट न दाखवणं, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आमच्या जिन्यात समोर एक आजी राहायच्या. नवरा मोझांबिकमध्ये नोकरीला होता, १९७५ ला तो देश स्वतंत्र झाल्यावर परत आले. वर्षभर त्या मला 'आ सेन्योरा', म्हणजे बाई, म्हणत. नाताळच्या आधी त्यांच्या दारातून बाकाल्यावचा, म्हणजे खारवलेल्या कॉड माशाचा वास येऊ लागला. कॉड मासा पोर्तुगालच्या किनाऱ्यावर मिळत नाही, नॉर्वे-आइसलँडकडून येतो. तरी नाताळच्या आदल्या रात्री तो नसेल तर घर घर वाटत नाही. दोन दिवस पाणी बदलत भिजत घालतात. मी जिन्यातच थांबले. तो वास आमच्या अंगणात वलांडीवर वाळणाऱ्या बोंबलांचा नव्हता, पण त्याच्या घरातला होता. आजींनी दार उघडलं, मला तशी उभी पाहिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा 'मेनीना' म्हणाल्या. पोरी.

जूनमध्ये सांतो आंतोनियोच्या सणाला त्यांनी मला एक छोटी कुंडी दिली. 'मांझेरीकु', बारीक पानांचं गोल झुडूप, आपल्या तुळशीच्याच कुळातलं. त्यात कागदाचं कार्नेशनचं फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली असते. मी वास घ्यायला वाकले तशी त्यांनी माझं कपाळ तळहाताने अडवलं. नाक लावायचं नाही, रोप कोमेजतं म्हणतात. पानांवर नुसता हात फिरवायचा आणि मग हाताचा वास घ्यायचा. मी ती कुंडी खिडकीत ठेवली. आईला फोनवर दाखवली, तर ती म्हणाली, "पाण्याचं बघ, आणि संध्याकाळी तोडू नकोस."

त्या आजी आता तिथे नाहीत. घरमालकाने इमारत विकली. खाली दाराशेजारी आता लोखंडी चौकटीला आकडे फिरवून उघडायच्या छोट्या डब्या लटकतात, आत चाव्या. चार रात्रींसाठी आलेली माणसं डबी उघडतात, राहतात, जातात. आल्फामा या लिस्बनच्या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून चाललं की अशा डब्या दारोदार दिसतात. मला या गोष्टीचा राग येतो, आणि मीही बाहेरून आलेली आहे हे मला माहीत असूनही येतो. 'शाव्ह' हा मला लिस्बनमध्ये सापडलेल्या पहिल्या आपल्या शब्दांपैकी एक होता. घरात माणूस नाही आणि चावी दाराबाहेर टांगलेली, हे मला बघवत नाही.

आजी घर सोडून गेल्या त्या महिन्यात मी सेव्हिलला जाऊन आले. पण त्याआधी नावाचं सांगायला हवं.

स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात, बहुतेकदा आधी वडिलांचं, मग आईचं. लग्नाने बाईचं नाव बदलत नाही. अर्जात तीन रकाने: नाव, पहिलं आडनाव, दुसरं आडनाव. मी शाळेपासून लिहीत आले तसं लिहिलं. माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव. लग्नानंतरही मी बदललं नव्हतं. "कशाला बदलतेस," असं बाबाच म्हणाले होते. तर बाबांचं नाव पहिल्या आडनावाच्या रकान्यात जाऊन बसलं, आणि स्पेनमध्ये हाक मारतात ती पहिल्या आडनावाने. दवाखान्यात पहिल्यांदा परिचारिकेने दारातून "सेन्योरा" म्हणून बाबांचं नाव पुकारलं, तेव्हा मी मागे वळून पाहिलं. आपल्याकडे ते नाव मधे असतं. गुणपत्रिकेवर, सातबाऱ्यावर, लग्नपत्रिकेत. हाकेत कधीच नसतं. बाबांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, आणि घरात आम्ही त्यांना 'बाबा'च म्हणायचो. त्यांचं नाव मोठ्याने घेणारं आता कुणी उरलं नव्हतं. सेव्हिलमध्ये ते रोज कुणीतरी घ्यायचं. बँकेत, पोस्टमनकडून, मंडईत. त्यातला ह मात्र त्यांच्या जिभेवर उमटत नसे.

पोर्तुगालमध्ये क्रम उलटा आहे. तिथे आईचं आडनाव आधी, वडिलांचं शेवटी, आणि हाक शेवटच्याने. त्यामुळे लिस्बनमध्ये मी पुन्हा आडनावाने ओळखली जाऊ लागले आणि बाबांचं नाव मधे गेलं, जसं आपल्याकडे असतं. सगळं नियमानुसार होतं. मला मात्र चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

त्या खेपेला सेव्हिलला पोचले तेव्हा शनिवारची सकाळ होती. त्रियानाची मंडई भरली होती. मासळीच्या ओट्याशी जाऊन मी विचारलं, शेवटचं कोण. एका तरुण मुलाने बोट वर केलं. थोड्या वेळाने हातात पिशवी घेतलेल्या एक बाई आल्या, त्यांनी विचारलं, आणि मी बोट वर केलं. माझी पाळी आली. मासळीवाल्याने मला ओळखलं, "कुठे होतीस, मी आर्मा," म्हणाला. मी किलोभर बांगडे मागितले. साफ करायला वेळ लागणार होता आणि मला पाव घ्यायचा होता, म्हणून म्हटलं, बाजूला ठेव, येते. पाव घेऊन आले तर तो दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतला होता. ओट्याच्या कडेला बर्फावर तीनचार पुड्या होत्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने नाव. त्याने मला नाव विचारलंच नव्हतं. दुसऱ्या पुडीवर बाबांचं नाव होतं, ह गाळून लिहिलेलं, आणि कागद खालून ओला व्हायला लागला होता.